सोळा एमएमचा हॉल

"फोटोग्राफर वगैरे पाठवायची काही गरज नाही, फोटो मीच काढतो," असं मी तिवारीजींना फोनवर ऐटीत सांगून टाकलं, तेव्हा सुनेत्रा समोर बसून भेंडी चिरत होती. तिची सुरी थांबली. वीस वर्षांच्या संसारात तिची सुरी याआधी अशी चारच वेळा थांबली आहे, आणि चारही वेळा मी 'मीच करतो' असं काहीतरी म्हटलेलं होतं. (एकदा गिझर, एकदा तिच्या भावाच्या लग्नातला माइक आणि दोनदा पाण्याची टाकी.)

तिवारीजी म्हणजे आमचे प्रॉपर्टी डीलर. लखनौच्या तेलीबागेत समोशाच्या दुकानाला लागून त्यांचं ऑफिस आहे. वृंदावन योजनेतला आमचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट विकून द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं.

"सर, हमारा आदमी आधे घंटे में खींच लेगा. आप काहे तकलीफ करेंगे?" ते म्हणाले.

"तकलीफ कैसी? हम तो बाईस साल से फोटो खींच रहे हैं!"

यात खोटं काहीच नव्हतं. मी रेल्वेत इंजिनियर आहे आणि फोटो काढणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. फक्त ते फोटो पुलांना गेलेल्या तड्यांचे असतात, एवढी एक बारीक गोष्ट त्यांना सांगायची राहून गेली.

आता हा फ्लॅट विकायची एवढी घाई का, तेही सांगतो. माझी सोलापूरला बदली झाली होती. पंधरा जूनला हजर व्हायचं होतं. ऑर्डर हातात पडली त्याच दिवशी सुनेत्राने मला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "फ्लॅट विकला गेला तर तिघं जाऊ. नाही गेला तर मैत्रेयीचं अकरावीचं ॲडमिशन इथेच घेते आणि तुम्ही एकटे जा. सोमवारी फॉर्मची शेवटची तारीख आहे. तोवर काय ते करा."

"अगं, कुलूप लावून जाऊ. मग बघू."

"हे 'मग बघू' मी झाशीत ऐकलंय," ती म्हणाली.

झाशीचं असं झालं होतं की, तिथलं आमचं छोटंसं घर विकायच्या आत माझी बीनाला बदली झाली. 'घर विकेपर्यंत तुम्ही दोघी इथेच थांबा, महिन्याभराचा तर प्रश्न आहे,' असं मी म्हणालो. तो महिना तीन वर्षं चालला. मैत्रेयी तेव्हा चार वर्षांची होती. ती सायकल शिकली ते मला फोनवर कळलं. तिचा पुढचा दात पडला तोही फोनवर. मी सुट्टीला घरी गेलो की पहिला दिवसभर ती मला 'अंकल' म्हणायची, आणि मी हसायचो, पण ते हसणं खरं नव्हतं. आता ती दहावी झाली होती. दोन वर्षांनी कॉलेजसाठी कुठेतरी बाहेर जाणार, मग पाहुणीसारखी येणार. ही दोन वर्षंही मला फोनवर ऐकायची नव्हती.

तर सांगायचा मुद्दा, फोटो चांगले येणं फार गरजेचं होतं. म्हणून तर ते मी काढायचे ठरवले.

आमच्या ऑफिसात ऋषभ नावाचा ज्युनियर इंजिनियर आहे. सोमवार ते शुक्रवार तो पूल मोजतो आणि शनिवार-रविवार लग्नाळू जोडप्यांना बागेत पळायला लावून त्यांचे फोटो काढतो. त्याने मला कॅमेरा, दोन लेन्सा, एक ट्रायपॉड आणि स्टँडवरचा मोठा एलईडी लाइट दिला. वर शिकवणीही दिली.

"सर, ये पचास एमएम वाला लेन्स आदमी के लिए है, कमरे के लिए नहीं. कमरे के लिए ये सोलह-पैंतीस वाला. चौड़ा दिखाता है. पर चौबीस के आसपास रहिएगा, सोलह पे मत जाइएगा. सोलह पे तो अपना रेलवे क्वार्टर भी इमामबाड़ा लगता है."

"अच्छा."

"कैमरा सीने की ऊंचाई पे, एकदम सीधा. और लाइट छत पे मारिए सर, छत से नरम होके नीचे आएगी. दीवार पे साइड से तो हरगिज नहीं."

मी सगळं डायरीत लिहून घेतलं आणि 'हरगिज नहीं'च्या खाली दोन रेघा मारल्या. (आमच्या खात्यात ज्याच्याखाली दोन रेघा असतात, ते काम हमखास विसरलं जातं.)

शनिवारी अकराच्या सुमारास मी पायजमा आणि बनियन अशा वेशात ट्रायपॉडचे पाय उघडत होतो, तोच तिवारीजींचा फोन आला.

"सर, पार्टी मिल गई. रिजवी साहब, बैंक से रिटायर, बहुत शरीफ आदमी. बेगम साहिबा के घुटने खराब हैं, तो पहली मंजिल ही चाहिए. कल इतवार को तीन मकान देखेंगे. पांच के फोटो मंगवाए हैं, उसमें से तीन छांटेंगे. चार बजे तक भेज दीजिए. सवा चार हुआ तो समझिए गया."

मी घड्याळाकडे बघितलं. मे महिना, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि हातात पाच तास.

सुरुवात पन्नास एमएमने केली. (ऋषभ नको म्हणाला होता, पण एकदा स्वतः खात्री करून घेतल्याशिवाय आम्ही कुणाचं मानत नाही.) हॉलच्या भिंतीला पाठ टेकवून बघितलं तर कॅमेऱ्यात सोफ्याचा अर्धा भाग आणि मैत्रेयीचं एक कोपर एवढंच मावत होतं. मी मागे सरकलो. मागे दार होतं. दाराबाहेर गेलो, जिन्याशी आलो, तरी डायनिंग टेबल येईना. आणखी मागे सरकलो तर पाठीमागून आवाज आला, "आइए भाई साहब, अंदर आ जाइए, धूप में क्यों खड़े हैं?"

मी समोरच्या मधुमती आंटींच्या फ्लॅटच्या उंबऱ्यात उभा होतो, पायजमा-बनियनमध्ये, कॅमेरा डोळ्याला लावून. तिथून मात्र आमचा हॉल पूर्ण दिसत होता. फक्त त्याच्या पुढ्यात आंटींच्या चपलांचा स्टँडही दिसत होता.

"पापा, प्लीज," मैत्रेयी दारातून दबक्या आवाजात म्हणाली, "सब देख रहे हैं. चौड़ा वाला लगाओ ना."

मुकाट्याने आत येऊन रुंद लेन्स लावली. चोवीसवर ठेवली. हॉल आला, पण डायनिंगचा कोपरा राहिला. मग विसावर आणली. मग अठरावर. आणि मग माझ्या बोटांनी ती रिंग कधी सोळावर नेली, मला कळलंच नाही.

काय सांगू! नऊ वर्षं मी ज्या खोलीत राहतो, ती मी आजवर पाहिलेलीच नव्हती. सोफ्यापासून टीव्ही एवढा लांब गेला होता की बातम्या बघायला दुर्बीण लागावी. गॅलरी पार क्षितिजाशी टेकली होती. अशा हॉलमध्ये लग्न लागेल, आणि पंगती उठेपर्यंत दुसरंही लागेल.

"सुनेत्रा, जरा पडदा धर बाजूला, उजेड येऊ दे."

तिने पडदा धरला, मी फोटो काढला आणि कौतुकाने तिला दाखवला. तिने बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं.

"ही कडेला कोण उभी आहे?"

"तू."

रुंद लेन्स कडेच्या वस्तू ताणते, हे ऋषभने सांगितलं होतं. वस्तूंमध्ये बायको येते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. सुनेत्राचा पडद्याकडचा अर्धा भाग नेहमीसारखा होता आणि कडेचा अर्धा भाग फ्रीजएवढा झाला होता. तिने पडदा सोडला आणि ती आत निघून गेली. त्यानंतरचे सगळे फोटो मी आणि मैत्रेयीने मिळूनच काढले.

मग लाइट. डायरीत लिहिल्याप्रमाणे स्टँड उभा केला आणि लाइट छताकडे वळवला. पण छताला पंखा होता आणि पंखा चालू होता. उजेड पंख्यावरून कापला जाऊन खाली यायचा, त्यामुळे प्रत्येक फोटोत एक काळं पातं कुठेतरी पडलेलं. एकदा ते टीव्हीवर, एकदा देवघरावर.

"पंखा बंद कर गं."

"मैं मर जाऊंगी, पापा. चवालीस डिग्री है."

तरी बिचारीने बंद केला. दोन मिनिटांत आम्ही दोघं घामाने निथळायला लागलो, लेन्सवर माझ्या कपाळाचा थेंब पडला, तो पुसला तर त्याचा डाग झाला. पुन्हा पुसला. तेवढ्यात लाइट गेली. म्हणजे आमची नव्हे, पूर्ण सेक्टरची. दोन वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

पुढची पस्तीस मिनिटं मी कशी काढली, ते माझं मला माहीत. गॅलरीत उभं राहून ट्रान्सफॉर्मरच्या दिशेने बघत होतो. सुनेत्रा दोनदा येऊन घड्याळ बघून गेली. माझ्या डोळ्यापुढे सोलापूरची एक रिकामी खोली दिसत होती, कॉट, बादली, भिंतीवर मागच्या माणसाने ठोकलेला खिळा, आणि फोनवर मैत्रेयी. सवयीने 'आणखी काय विशेष?' विचारणारा मी.

तीन पंचविसाला लाइट आली. उरली पस्तीस मिनिटं.

माणूस घाबरला की त्याचं शिक्षण संपतं आणि सवय सुरू होते. पुलाचा तडा शोधायचा असेल तर बॅटरी समोरून मारून उपयोग नसतो. ती भिंतीला जवळजवळ चिकटवून कडेने मारायची. मग जे साध्या डोळ्याला दिसत नाही, ते सगळं सावलीसकट वर येतं. बावीस वर्षं मी हेच करत आलोय. त्या पस्तीस मिनिटांत मी ऋषभचा लाइट उचलला आणि एकेका खोलीत भिंतीला खेटून ठेवत गेलो. पंख्याचं पातंही गेलं, उजेडही झकास पडला. मी खूश झालो.

आणखी एक. आमच्याकडे फोटोत पट्टी ठेवलेली नसेल तर साहेब फोटो परत पाठवतात. केवढा तडा आहे, ते कळायला नको? माझ्या शर्टाच्या खिशात पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी असतेच. बनियनला खिसा नसतो, म्हणून ती मी पायजम्याच्या नाडीत खोचली होती. ती एकतीसपैकी सात फोटोंत कशी गेली, हे मला खरोखर आठवत नाही.

तीन अठ्ठावन्नला सगळे फोटो तिवारीजींना पाठवले. पाच मिनिटांनी त्यांचं उत्तर आलं, "सर ये आप ही का मकान है न?"

मी विजयी मुद्रेने फोन सुनेत्रापुढे धरला. तिने हॉल बघितला आणि आज पहिल्यांदा हसली. "अगंबाई, एवढा?" मग दुसरी खोली, मग किचन, आणि मग ती थांबली.

"अहो, ही भिंत कुठली?"

"आपलीच. डायनिंगची."

"हिला हे काय झालंय?"

मी फोटो मोठा करून नीट बघितला. दोन पावसाळ्यांपूर्वी वरच्यांच्या गॅलरीतलं पाणी झिरपून त्या भिंतीला ओल आली होती. आम्ही खरवडून, पुट्टी भरून, वर रंग दिला होता. समोर उभं राहिलं तर काही म्हणजे काही दिसत नाही. पण कडेच्या उजेडात तव्यावरच्या पोळीसारखे फुगे, मधूनमधून खळगे, आणि सगळ्यात मोठ्या फुग्याखाली, मापासाठी, माझी स्टीलची पट्टी.

"डिलीट करा."

"निळ्या टिका आल्या गं. बघितलं त्यांनी."

सुनेत्रा खुर्चीत बसली. "तिवारीजींचा माणूस अर्ध्या तासात काढून गेला असता," ती म्हणाली. ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

सव्वापाचला फोन वाजला. मी तो तिघांच्या मधोमध टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला. "सर, बधाई हो! आपका मकान छंट गया. कल ग्यारह बजे आ रहे हैं. हॉल पे तो फिदा हैं." मैत्रेयीने टुणकन उडी मारली. मीही मारणार होतो, पण सुनेत्रा म्हणाली, "हॉल पे फिदा आहेत ना? मग उद्या हॉल कुठून आणणार आहात?" आणि मी उडी मारायचा बेत रद्द केला.

रविवारी अकराच्या ठोक्याला रिजवी साहेब आणि बेगम साहिबा आले. मागे तिवारीजी. रिजवी साहेबांचा पांढरा शुभ्र कुर्ता, बारीक फ्रेमचा चष्मा आणि बोलणं असं की आपणच त्यांच्या घरी गेलोय असं वाटावं. सुनेत्राने पाणी दिलं, शंकरपाळी ठेवली. रिजवी साहेब हॉलच्या मध्यभागी उभे राहिले, सगळीकडे नजर फिरवली आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "वाह. ड्योढ़ी तो बहुत खूब है. अब हॉल दिखाइए."

ड्योढ़ी म्हणजे आपली देवडी, घरात शिरताना लागते ती. मी तिवारीजींकडे बघितलं. तिवारीजी पंख्याकडे बघायला लागले.

"जी," मी म्हणालो, "यही है."

"क्या?"

"हॉल."

रिजवी साहेबांनी खिशातून फोन काढला, फोटो उघडला आणि एकदा फोटोकडे, एकदा खोलीकडे असं पाहायला लागले. फोटो कुठून काढलाय ते शोधत ते एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. मग दाराबाहेर. मी त्यांच्या मागोमाग गेलो. समोरून मधुमती आंटींचा आवाज आलाच, "आइए, आइए. कल भाई साहब भी यहीं खड़े होके खींच रहे थे."

परत आत आल्यावर ते सोफ्यावर बसले. चेहऱ्यावरचं हसू त्यांनी जपून ठेवलं होतं. "असल में हमारे वालिद का तख्त है," ते म्हणाले, "दस फुट का. हमने सोचा था, इधर तख्त रहेगा और उधर बारह आदमियों की मेज." (तख्त म्हणजे बसायचा मोठा लाकडी दिवाण.) त्यांनी 'उधर' म्हणून हात केला, तो हात सरळ आमच्या फ्रीजला लागला.

"मेज छोटी ले लेंगे," बेगम साहिबा म्हणाल्या. त्या डायनिंगच्या भिंतीपाशी उभ्या होत्या. "बहन, ये दीवार का काम आपने किससे करवाया? हमारी भांजी के यहां भी ऐसा ही टेक्सचर है, पर इतना कुदरती नहीं आया. तस्वीर में तो बिल्कुल उभरा हुआ था, यहां कुछ हल्का लग रहा है. और वो साथ में पट्टी रखी थी, वो क्या डिजाइन की गहराई दिखाने के लिए?"

ओलीचे फुगे त्यांना कारागिरी वाटली होती!

सुनेत्रा गोड आवाजात म्हणाली, "जी, वो लाइट का कमाल है." एक शब्द खोटा नाही! मला माझ्या बायकोचा इतका अभिमान क्वचितच वाटलाय. आता फक्त कुणी काही विचारायचं नव्हतं. मैत्रेयीने चहाचा ट्रे आणला. तिवारीजींनी विषय बदलायला घसा खाकरला.

आणि रिजवी साहेब माझ्याकडे वळून सहज म्हणाले, "वैसे दीवार कैसी है, साहब?"

वाचकहो, मी वाईट माणूस नाही. बायको-मुलीला सोबत न्यायची माझी इच्छा जगातल्या कुठल्याही बापाइतकीच होती. पण बावीस वर्षं माझ्यापेक्षा वयाने मोठी, चष्मा लावलेली माणसं मला एकच प्रश्न विचारत आलेली आहेत, आणि मी ताठ उभा राहून त्याचं उत्तर देत आलेलो आहे. माझे पाय आपोआप जुळले.

"सर, पश्चिम की दीवार है. ऊपर वाली बालकनी की नाली से सीपेज. प्लास्टर करीब दो वर्ग मीटर में फूला हुआ. सबसे बड़ा फुगा," (हिंदी शब्द आठवेना) "अठारह सेंटीमीटर. मरम्मत हुई है, मगर ऊपर-ऊपर से."

"पापा," मैत्रेयी म्हणाली.

"साधे उजेड में नहीं दिखेगा, सर. एक मिनट." मी ड्रॉवरमधून बॅटरी काढली, भिंतीला चिकटवून पेटवली. फुगे झर्रकन वर आले. बेगम साहिबा दोन पावलं मागे सरकल्या.

"पापा, बस."

सुनेत्राच्या हातातला चमचा बशीत पडल्याचं मी ऐकलं. तिच्याकडे बघितलंही. पण रिपोर्टमध्ये कारणांनंतर शिफारशी येतात, आणि शिफारशींशिवाय रिपोर्ट पुरा होत नाही. "नाली ठीक किए बगैर अगली बरसात में फिर आएगा सर, पक्का," असं म्हणून मी बॅटरी विझवली. त्यानंतरच मला आपण कुठे आहोत ते कळलं.

रिजवी साहेबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. कप अलगद ठेवला. "शंकरपाळी निहायत उम्दा थी," ते सुनेत्राला म्हणाले. "आपने बड़ी जहमत उठाई. हम सोचकर बताते हैं."

लखनौमध्ये नऊ वर्षं काढल्यावर एवढं तर मलाही कळतं. 'सोचकर बताते हैं' म्हणजे इथे नाहीच.

त्यांना गाडीत बसवून तिवारीजी एकटेच वर आले. चपला न काढता दारात उभे राहिले. "सर, हम तीस साल से ये काम कर रहे हैं," ते जड आवाजात म्हणाले. "कोई पूछे दीवार कैसी है, तो हम कहते हैं, दीवार अच्छी है. बस." आणि गेले.

सुनेत्राने कप विसळले, शंकरपाळी डब्यात भरली. तिने भांडायला हवं होतं. मी तयारीही केली होती. पण ती म्हणाली एवढंच, "उद्या सकाळी तिचा फॉर्म भरून येते."

"अगं, अजून कुणीतरी येईल..."

"मग बघू," ती म्हणाली. माझाच शब्द, आणि तोही न टोचता.

मैत्रेयी माझ्या शेजारी येऊन बसली. "कोई बात नहीं, पापा. संडे को वीडियो कॉल करेंगे ना. रोज भी कर सकते हैं." ती मला समजावत होती. ती चार वर्षांची असताना मी तिला असंच समजावून निघालो होतो. मी कॅमेरा पिशवीत भरायच्या निमित्ताने खाली वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो. मला खरंच रडू आलं होतं.

सोमवारी सकाळी सुनेत्रा फाइलमध्ये फॉर्म घालून दारात चप्पल चढवत होती. मैत्रेयीही निघाली होती. दहाला दहा कमी असताना माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला.

"आदाब. रिजवी बोल रहा हूं."

मी सुनेत्राला हाताने 'थांब' अशी खूण केली. ती एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिली.

मी ऐकत राहिलो. 'जी' म्हटलं. पुन्हा 'जी, जी' म्हटलं. ते बराच वेळ बोलत होते, आणि इतकं सुंदर बोलत होते की माझा ऊर भरून आला. मग मी फोन ठेवला.

"काय?" सुनेत्राने विचारलं.

"घेतला. फ्लॅट घेतला त्यांनी! भिंत ते दुरुस्त करून घेणार. तख्त भाच्याला देणार. आज दुपारी तिवारीजींकडे लिहून देतायत."

मैत्रेयीने किंकाळी फोडून मला मिठी मारली. सुनेत्रा चपलेसकट घरात आली (नऊ वर्षांत पहिल्यांदा) आणि सोफ्यावर मटकन बसली. "पण कसा काय घेतला हो? एवढं सगळं बघून?"

"माझ्यामुळे!" मी म्हणालो. आता मला धीर आला होता. "अगं, काय सुंदर बोलले. म्हणाले, धैर्यशील साहब, हमने तीन मकान देखे. बाकी दोनों जगह यही डर लगा रहा कि बेचने वाला हमसे ज्यादा होशियार है, कहीं हम ठगे न जाएं. आपके यहां, अल्लाह गवाह है, एक लम्हे को भी ऐसा अंदेशा नहीं हुआ."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. आधी मैत्रेयीचे खांदे हलायला लागले. मग सुनेत्राने फॉर्मची फाइल तोंडावर धरली आणि त्या फाइलमागून मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं असं हसू आलं.

"काय झालं?"

"पापा," मैत्रेयी डोळे पुसत म्हणाली, "वो आपको बुद्धू बोल रहे थे. तमीज से."

मी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मग आणखी एकदा, सावकाश.

"आणि तुम्ही काय म्हणालात त्यांना?" सुनेत्राने फाइलच्या वरून विचारलं.

"मी काय म्हणणार?" मी म्हणालो. "शुक्रिया म्हटलं. दोनदा. आणि म्हटलं, जनाब, ये तो हमारे पूरे खानदान में है."